अमेरिकेची शेती आणि आपले वावर : प्रस्तावना

ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी नामशेष झाल्याचे जाहीर केले. ही अळी तिथे जवळपास शंभर वर्षे ठाण मांडून होती. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ च्या खरिपात, याच अळीने विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यातली बोंडे आतून पोखरली होती. तिच्यावर आणि इतर किडींवर औषध फवारताना विषबाधा होऊन एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. दोन्ही देशांतल्या कापसात बसवलेली बीटी जनुके एकाच घरची होती, बियाणे विकणारी मूळ कंपनीही एकच. फरक होता तो बियाण्याभोवतीच्या व्यवस्थेत. ॲरिझोनात शेतकऱ्यांच्या संघटना, विद्यापीठ, राज्य आणि केंद्र सरकार यांनी २००६ पासून मिळून मोहीम चालवली. बीटी कापसाच्या जोडीला विमानातून वंध्य केलेले पतंग सोडले, कामगंध सापळ्यांची गावोगाव मोजदाद ठेवली आणि ठरल्या तारखेच्या आत धसकटे नांगरून गाडण्याची सक्ती केली. आपल्याकडे बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी दिली गेली. ती कशासाठी पेरायची, हे शेतकऱ्याच्या बांधावर येऊन समजावणारे कोणी नव्हते. तिथे लवकर हाती येणारे सरळ वाण दाट पेरले जातात, इथे फक्त लांब मुदतीचे संकरित वाण बाजारात आले. त्यांतून चार पैसे जास्त मिळावेत म्हणून फरदड फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी राहिली आणि अळीला बाराही महिने घर मिळाले.

अमेरिकन शेतीचा इतिहास मराठी वाचकाने का वाचावा, याचे उत्तर या एका उदाहरणात आहे. तिथून आलेल्या वस्तू आपण दोनशे वर्षे घेत आलो आहोत. बियाणे, नांगर, ट्रॅक्टर, तणनाशक, विद्यापीठाचा आराखडा, एवढेच काय द्राक्षवेलीचे खुंटसुद्धा. वस्तू जहाजातून येते. तिला तिच्या जागी यशस्वी किंवा अयशस्वी करणारी जमीनधारणा, मजुरी, कायदे, कर्जपुरवठा, संशोधनाची सवय आणि शेतकऱ्यांची एकजूट जहाजात भरता येत नाही. माझे म्हणणे असे की अमेरिकन शेतीची गोष्ट मुळात यंत्रांची आणि पिकांची नाहीच. ती व्यवस्थांची गोष्ट आहे, आणि त्यांतल्या काही व्यवस्था अनुकरणीय आहेत तर काही भयंकर. दोन्ही एकाच मुळातून वाढल्या आहेत, म्हणून ती गोष्ट अर्धी वाचून चालत नाही.

सुरुवात गोऱ्या वसाहतींच्या कितीतरी आधीची आहे. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोत टिओसिंटे नावाच्या गवतापासून मका घडवला गेला, आणि जगाच्या शेतीच्या इतिहासात एवढ्या मोठ्या रूपांतराची उदाहरणे थोडी आहेत. मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावण्याची पद्धत उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी पूर्णत्वाला नेली होती. मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग, पेरू, सीताफळ, काजू, तंबाखू हे सारे त्याच खंडांचे देणे. पोर्तुगिजांच्या हातून यांतले बरेचसे गोव्यात उतरले आणि मराठी स्वयंपाकघरात इतके मुरले की मिरचीवाचून ठेचा किंवा दाण्यांच्या कुटावाचून उपासाची खिचडी आता कल्पनेतही येत नाही. या पिकांबरोबर कोणतीही कंपनी, कोणतेही खाते आले नाही. शेतकऱ्यांनी आणि विशेषतः बायकांनी ती आपल्या परसात वाढवली, बी राखले, पुढे दिले. पुढच्या इतिहासाकडे पाहताना ही संथ, बिनबोभाट देवघेव लक्षात ठेवली पाहिजे, कारण नव्या पिकाला मराठी शेतकऱ्याने जात्याच विरोध केल्याचा जो आरोप इंग्रज अधिकाऱ्यांनी वारंवार केला तो तिच्यापुढे टिकत नाही.

ज्यांनी ही पिके घडवली त्यांच्याकडूनच जमीन गेली. १७८५ च्या कायद्याने अमेरिकेच्या पश्चिमेकडील भूमी सहा-सहा मैलांच्या चौकोनांत मोजून विकायला काढली. १८३० च्या कायद्याने चोक्टॉ, चिकासॉ, चेरोकी अशा जमातींना मिसिसिपी नदीपलीकडे हाकलले. त्या काळ्याभोर जमिनीवर कापूस उभा राहिला आणि तो वेचण्यासाठी गुलामांना बाजारात विकत घेतले गेले. एली व्हिटनीच्या १७९३ च्या दातेरी जिनला आपल्या शाळेच्या पुस्तकांत शोध म्हणून एक ओळ मिळते. तिचा परिणाम असा झाला की सरकी काढण्याचे काम स्वस्त झाले, म्हणून कापूस वाढला, म्हणून गुलामांची मागणी वाढली. यंत्राने कष्ट कमी होतात हा समज त्या एका यंत्राने खोटा ठरवला. इथे इतिहासकारांत एक जळजळीत वाद आहे. १८०१ ते १८६२ या काळात एका गुलामाची दिवसाची कापूस वेचणी सुमारे चौपट झाली, हे सगळे मान्य करतात. एडवर्ड बॅप्टिस्ट त्याचे कारण चाबकात आणि वेचणीचा आकडा दररोज वाढवत नेणाऱ्या छळात पाहतात. ॲलन ओल्मस्टेड आणि पॉल ऱ्होड हे अर्थशास्त्रज्ञ म्हणतात की मेक्सिकोतून आणलेल्या आणि निवडीने सुधारलेल्या वाणांची बोंडे मोठी, उघडी आणि वेचायला सोपी होती. आकड्यांच्या बाबतीत मला दुसरी बाजू अधिक भक्कम वाटते. पण सुधारलेले वाण हाती असूनही त्याचा लाभ वेचणाऱ्याला कणभरही मिळाला नाही, ही गोष्ट त्या आकड्यांनी पुसली जात नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. अमेरिकेकडे शेताच्या बाजूने आणि राबणाऱ्याच्या बाजूने पाहणारा पहिला मराठी लेखक मी त्यांनाच मानतो.

१८६२ हे या इतिहासातले वळण. यादवी युद्ध चालू असताना, दक्षिणेचे प्रतिनिधी संसदेत नसताना, एकाच वर्षात तीन गोष्टी झाल्या. १६० एकर जमीन कसणाऱ्याला जवळपास फुकट देणारा होमस्टेड कायदा आला, कृषी खाते स्थापन झाले आणि मॉरिल कायद्याने राज्यांना जमीन देऊन तिच्या उत्पन्नातून शेतकी महाविद्यालये उभी केली. १८८७ मध्ये प्रत्येक राज्यात प्रयोगक्षेत्रे आली. १९१४ मध्ये स्मिथ-लीव्हर कायद्याने महाविद्यालयाचा माणूस जिल्ह्याजिल्ह्यात शेतकऱ्याच्या दारात पोचवला. शिक्षण, संशोधन आणि विस्तार एकाच छपराखाली आणण्याची ही कल्पना माझ्या मते अमेरिकन शेतीने जगाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट आहे. जॉन डीअरचा १८३७ चा पोलादी नांगर किंवा सायरस मॅककॉर्मिकचे कापणीयंत्र तिच्यापुढे लहान ठरतात. ही यंत्रे तरी का निघाली? जमीन अफाट आणि हात थोडे, म्हणून. माणसामागे अधिक जमीन कसता यावी यासाठी तिथली बुद्धी लोखंडाकडे वळली. त्याच काळात जपानमध्ये जमीन थोडी आणि हात पुष्कळ होते, म्हणून तिथली बुद्धी बियाण्याकडे आणि खताकडे वळली. युजिरो हायामी आणि व्हर्नन रुटन यांनी १९७१ मध्ये या दोन वाटांची तुलना करून दाखवले की तंत्रज्ञान आकाशातून पडत नाही, ज्या गोष्टीची टंचाई असते तिच्या दिशेने ते वाढते. मराठी मुलखात टंचाई पाण्याची होती आणि आहे. पाण्याच्या टंचाईतून उपजलेले तंत्र आपण किती शोधले आणि माणसांच्या टंचाईतून उपजलेले किती आयात केले, हा हिशेब कोणी तरी मांडायला हवा.

विसाव्या शतकातली पुढची वाटचाल वेगाची आहे. जॉर्ज शल यांच्या १९०८ च्या प्रयोगांतून संकरित मक्याची वाट उघडली, हेन्री वॉलेस यांनी १९२६ मध्ये त्याची कंपनी काढली आणि पुढच्या दोन दशकांत मध्यपश्चिमेतली जवळजवळ सगळी मक्याची जमीन संकरित बियाण्याखाली आली. फोर्डसन आणि फार्मॉल ट्रॅक्टरांनी घोडे हटवले. घोड्यांच्या चाऱ्याखालची कोट्यवधी एकर जमीन मोकळी झाली आणि तिच्यावर पुढे चीनहून आलेला सोयाबीन पसरला. १९३० च्या दशकात कोरड्या पठारावरची नांगरलेली माती वाऱ्याने उडाली, आकाश काळे झाले, लाखो कुटुंबे देशोधडीला लागली. त्या संकटातून ह्यू बेनेट यांच्या आग्रहाने १९३५ मध्ये मृदसंधारणाचे सरकारी खाते उभे राहिले. त्याच दशकात आधारभावाची आणि पेरा कमी ठेवण्याच्या मोबदल्याची पद्धतही सुरू झाली. तरीही शेतकरी घटतच गेले. १९३५ मध्ये अमेरिकेत सुमारे ६८ लाख शेते होती, २०२२ च्या गणनेत ती १९ लाखांवर आली आणि सरासरी आकार ४६३ एकर झाला. विलार्ड कॉक्रेन यांनी १९५८ मध्ये याचे जे निदान केले ते आजही खरे आहे. नवे तंत्र आधी घेणाऱ्याला नफा होतो, सगळ्यांनी घेतले की उत्पादन वाढून भाव पडतात, उशिरा आलेला कर्जात जातो आणि त्याची जमीन शेजारी विकत घेतो. पळायचे सगळ्यांनी, पोचायचे कोणीच नाही. या रेट्यात सर्वांत आधी चिरडले गेले ते कृष्णवर्णीय शेतकरी. १९२० मध्ये ते सव्वानऊ लाखांच्या घरात होते, आज पन्नास हजारही उरलेले नाहीत. कर्ज आणि सरकारी मदत वाटणाऱ्या स्थानिक समित्यांतला वर्णद्वेष त्याला कारणीभूत होता, हे इतिहासकार पीट डॅनियल यांनी कागदोपत्री सिद्ध केले आहे.

या विषयावर लिहिणाऱ्यांच्या पिढ्याही ओळखून घ्यायला हव्यात, म्हणजे एखादे पुस्तक हाती आल्यावर ते कुठे उभे राहून बोलते आहे हे कळेल. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी १८९३ मध्ये सरहद्दीवर जमीन फोडणाऱ्या शेतकऱ्याला अमेरिकन लोकशाहीचा जनक ठरवले. त्या चित्रात मूळ रहिवासी आणि गुलाम दोघेही जवळपास अदृश्य आहेत. मग अर्थशास्त्रज्ञ आले. झ्वी ग्रिलिचेस यांनी १९५७ मध्ये संकरित मक्याचा प्रसार मोजून दाखवला आणि नव्या तंत्राचा स्वीकार नफ्याच्या मागे जातो असा निष्कर्ष काढला. ओल्मस्टेड-ऱ्होड यांनी यंत्रांच्या गजरात दबलेले बियाण्यांचे आणि रोगनियंत्रणाचे काम उजेडात आणले. डोनाल्ड वर्स्टर यांच्या १९७९ च्या ग्रंथापासून पर्यावरणाचा इतिहास सुरू झाला. धुळीची वादळे निसर्गाने पाठवली नव्हती, ती नफ्याच्या शेतीने पेरली होती, हा त्यांचा दावा. विल्यम क्रोनन यांनी शिकागो आणि तिच्या मागचा गहू-मक्याचा मुलूख हे एकच यंत्र कसे झाले ते दाखवले. ज्युडिथ कार्नी यांनी कॅरोलिनातल्या भातशेतीचे ज्ञान पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या गुलामांचे होते असे मांडले आणि त्यावरून मोठा वाद पेटला. जॅक क्लॉपेनबर्ग यांनी बियाणे शेतकऱ्याच्या कणगीतून कंपनीच्या पाकिटात कसे गेले याचा माग काढला. माझा कल शेवटच्या तिघांकडे आहे. पण टर्नर वगळता कोणालाही बाजूला सारून हा विषय समजणार नाही.

आपल्या बाजूची गोष्ट कोलकात्यापासून सुरू होते. हुगळीच्या काठी श्रीरामपूरला बसून १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी कोश छापणारे विल्यम केरी यांनीच १८२० मध्ये कोलकात्यात कृषी व उद्यानविद्या मंडळ स्थापन केले. त्या मंडळाने अमेरिकन कापसाचे बी मागवले, वाटले, आणि १८३० च्या सुमारास शहराच्या दक्षिणेला अक्रा येथे त्याची लागवड करून पाहिली. गंगेच्या खोऱ्यातल्या दमट हवेत आणि पुराच्या मातीत ते बी रुजले नाही. मग १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कॅप्टन बेल्स यांच्यामार्फत थेट अमेरिकन कापूस बागायतदारच आणले. त्यांच्या सोबत दातेरी जिन होत्या, बी होते, आणि दक्षिणेतल्या शेतांवर हुकूम चालवण्याची सवय होती. मराठी मुलखात खानदेशात त्यांचे काम फसले. धारवाडमध्ये मात्र अमेरिकन कापूस टिकला, कारण तिथे पावसाळा लांबतो आणि उशिराच्या सरी कापसाला धरून ठेवतात. तिथे दातेरी जिन बनवण्याची आणि दुरुस्त करण्याची सोयही झाली. हवेची साथ आणि दुरुस्तीची सोय, या दोन गोष्टींनी धारवाड आणि खानदेश यांची वाट वेगळी केली. खानदेश-वऱ्हाडच्या आखूड धाग्याच्या देशी कापसाला दातेरी जिन फाडून टाकत असे. त्याला आपला लाटण्यांचा रेचाच योग्य होता, हे तेव्हाच्या काही अधिकाऱ्यांनीही कबूल केले आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. त्यानंतरच्या चार वर्षांत मुंबईत जो पैसा ओतला गेला त्याची कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे. कापूस मुंबईला नेण्यासाठी भुसावळ-नागपूर रेल्वे १८६७ मध्ये पुरी झाली, तोवर युद्ध संपून भाव कोसळले होते. आपल्याकडे १८७५ च्या सुपे येथील आणि आसपासच्या दंग्यांचे सगळे खापर या घसरणीवर फोडले जाते. ते मला पटत नाही. पुणे-नगरच्या त्या तालुक्यांत कापूस फार नव्हता, तिथे वाढलेला सारा, आटलेली पत आणि सावकाराच्या हाती कोर्टाचा हुकूमनामा ही कारणे अधिक जवळची होती. पण एक खरे की मिसिसिपीच्या काठचे युद्ध भीमेच्या काठच्या शेतकऱ्याची पत ठरवू लागले होते. ही साखळी उलट बाजूनेही चाले. डमडमच्या पश्चिमेला बरानगरपासून टीटागढपर्यंत हुगळीच्या काठाने ज्या तागगिरण्या उभ्या राहिल्या त्यांच्या मागे जो बंगालचा ताग होता, त्याच्याच कापडात अमेरिकेतल्या कापसाच्या गाठी बांधल्या जात. १८८८ मध्ये त्या कापडाचा भाव तिथल्या मक्तेदारांनी संगनमताने वाढवला तेव्हा दक्षिणेतल्या शेतकरी आघाडीने तागावर बहिष्कार घातला आणि गाठी सुती कापडात बांधल्या. शेतकऱ्यांची ती एकजूट पुढे राजकीय पक्ष झाली. तिने मांडलेल्या स्वस्त कर्जाच्या, गोदामाच्या आणि रेल्वेभाड्याच्या मागण्या चाकणच्या कांदा आंदोलनानंतर शेतकरी संघटनेचे साहित्य वाचलेल्या कोणालाही ओळखीच्या वाटतील.

महाराष्ट्रात जे रुजले ते कोणी तरी इथे पुन्हा घडवले म्हणून रुजले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात परदेशी नांगर समोर ठेवून लोखंडी नांगर ओतला तेव्हा लोखंडाने जमीन नासेल अशी शंका घेतली गेली. आपल्या बैलांच्या ताकदीला आणि आपल्या मातीला जुळेल असा तो झाला, सुटे भाग इथेच मिळू लागले, तेव्हा शंका मिटली. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या शेतकी महाविद्यालयांत शिकले, गदर चळवळीत पडले आणि अखेर मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी विद्यालयात मक्यावर संशोधन करू लागले. नॉर्मन बोरलॉग १९४४ मध्ये मेक्सिकोत पोचण्याच्या कितीतरी आधी या मराठी माणसाने तिथल्या गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा काढल्या होत्या. अमेरिकेतल्या महाविद्यालयात मिळालेले शिक्षण खऱ्या अर्थाने शेतकऱ्याच्या बाजूने वापरल्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही, आणि खानखोजे १९६७ मध्ये नागपुरात वारले तेव्हा त्यांचे काम महाराष्ट्रात फार थोड्यांना माहीत होते, याची खंत वाटते.

ज्वारीची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. ज्वारी आफ्रिकेतून अमेरिकेत गेली आणि कापणी-मळणी यंत्राच्या पात्याखाली सहज यावी म्हणून तिथे ती बुटकी केली गेली. १९५४ मध्ये टेक्सासमध्ये नर-वंध्य ओळ सापडली आणि तिच्यामुळे संकरित ज्वारीचे बी मोठ्या प्रमाणावर करता येऊ लागले. आपली पहिली संकरित ज्वारी, १९६४ ची सीएसएच-१, हिची मादी ओळ ही टेक्सासचीच कंबाइन काफिर-६०. वसंतराव नाईक सरकारने तिचा हिरिरीने प्रचार केला आणि धान्य वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो रेशनवर खावी लागलेल्या पिढीला त्या वाढीचे मोल कोणी शिकवायला नको. पण यंत्राच्या उंचीला बेतलेले ते ताट कडब्यावर जनावरे जगवणाऱ्या मुलखात आले. लवकर पिकणारे कणीस परतीच्या पावसात सापडून काळे पडू लागले, भाकरीची चव गेली, बाजारात भाव पडला. रब्बीत आजही सोलापूर-नगरचा शेतकरी मोहोळच्या केंद्रात निवडलेल्या मालदांडीला सोडत नाही, कारण तिच्यात दाणा, कडबा आणि भाकरी तिन्ही आहेत. याच्या उलट कॅलिफोर्नियाची थॉम्पसन द्राक्षे. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांनी आपला संघ केला, वर्षातून दोन छाटण्यांचे तंत्र इथल्या उष्ण हवेत पक्के बसवले, बागेतल्या वेगळ्या दिसणाऱ्या फांद्या निवडून तास-ए-गणेश आणि सोनाकासारखे वाण काढले आणि क्षारपड जमिनीसाठी टेक्सासच्या रानटी द्राक्षाचा डॉगरिज खुंट वापरला. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांची संस्था इथे आयात झाली नव्हती. इथल्यांनी आपली उभी केली आणि म्हणून द्राक्ष टिकले. द्राक्षमजुरांच्या वाट्याला काय आले हा प्रश्न मात्र कॅलिफोर्नियात १९६५ मध्ये डेलानोच्या संपाने विचारला. आपल्याकडे तो अजून नीट विचारला गेलेला नाही.

या मांडणीवर आक्षेप येतील. पहिला असा की संस्था आल्या नाहीत हे चूक. राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी ही आपली चारही कृषी विद्यापीठे अमेरिकन महाविद्यालयांच्या धर्तीवरच १९६८ ते १९७२ दरम्यान उभी राहिली. आराखडा आला हे खरे. पण त्यांतला विस्तार हा तिसरा पाय राज्याच्या कृषी खात्याकडे राहिला, विद्यापीठाकडे नाही. संशोधक आणि कृषी सहायक वेगवेगळ्या साहेबांना जबाबदार राहिले, आणि बोंडअळीच्या वर्षी नेमका हाच सांधा निखळलेला दिसला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या व्यवस्थेचा पाया हिरावलेल्या जमिनीवर आणि गुलामांच्या पाठीवर आहे तिच्यापासून शिकायचे काय? मॉरिल कायद्याची महाविद्यालयेसुद्धा मूळ रहिवाशांकडून घेतलेल्या जमिनीच्या पैशावर उभी राहिली. हे मान्य करूनही मी म्हणेन की शिकायचे. फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये इंग्रज राज्याची लूट उघडी पाडली आणि त्याच पुस्तकात शेतकऱ्यांच्या मुलांना विलायतेतल्या शेतकी शाळा दाखवून आणाव्यात असेही सुचवले. त्यांना या दोन गोष्टींत विसंगती वाटली नाही, आपल्यालाही वाटू नये. तिसरा आक्षेप तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागणाऱ्यांचा. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरमध्ये बंदी असलेले तणनाशक-सहनशील कापूस बियाणे उघडपणे पेरले गेले. निंदणीची मजुरी परवडत नाही, मग शेतकऱ्याने हे बी का वापरू नये, हा त्यांचा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर भावनेने देता येणार नाही. अमेरिकेत तेच तणनाशक सतत मारल्यावर त्याला न जुमानणारी तणे कशी माजली, पुढे आणखी जहाल औषधे कशी आली आणि त्या खर्चाने कोणाचे कंबरडे मोडले, हे समोर ठेवूनच ते द्यावे लागेल. बंदी हा त्यावरचा उपाय नाही, पण माहिती न देता दिलेली मोकळीकही नाही.

हे सगळे आजच का बोलायचे? ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि ती माफी पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. अमेरिकेचा मका, सोयाबीन आणि कापूस आपल्या बाजारात कोणत्या अटींवर यावा, यावर दोन सरकारे वाटाघाटी करत आहेत. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या गणनेनुसार सरासरी धारणा १.३४ हेक्टर, म्हणजे साडेतीन एकरही नाही. ४६३ एकरांचा शेतकरी आणि साडेतीन एकरांचा शेतकरी एका भावात उभे केले जात आहेत, आणि त्यांच्यातला फरक कार्यक्षमतेचा आहे असे सांगितले जाते. तो फरक दोनशे वर्षांच्या सरकारी गुंतवणुकीचा, जमिनीच्या वाटपाचा, अनुदानांचा आणि विम्याचा आहे. ज्याला हा इतिहास ठाऊक नाही तो वाटाघाटीच्या टेबलावर आणि गावच्या पारावर दोन्हीकडे फसेल.

प्रस्तुत पुस्तक अमेरिकन शेतीचे गुणगान गात नाही आणि तिच्यावर खटलाही चालवत नाही. लेखकांनी मका, कापूस, गहू, सोयाबीन, द्राक्ष अशा पिकांना धरून, प्रत्येकाभोवतीची जमीन, मजूर, यंत्र, कायदा आणि बाजार एकत्र गुंफत, इकडचा आणि तिकडचा इतिहास शेजारी शेजारी ठेवला आहे. तांत्रिक भाग शक्य तिथे शेतकऱ्याच्या बोलीत आणला आहे. दुग्धव्यवसाय आणि मांसासाठीची पशुपैदास यांना फार थोडी जागा मिळाली, ही या पुस्तकाची उणीव आहे. तो विषय स्वतंत्र ग्रंथाचा आहे आणि तो कोणी तरी लवकर लिहावा. अमेरिकेतल्या ओगलाला भूजलसाठ्याच्या उपशावरचे विवेचन मात्र मराठवाड्यातल्या बोअरवेलधारकाने आवर्जून वाचावे असे झाले आहे. कृषी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी, गटशेती आणि उत्पादक कंपन्या चालवणाऱ्यांनी, कृषी खात्यातल्या अधिकाऱ्यांनी हे पुस्तक वाचावे आणि जिथे आपल्या शिवारातला अनुभव त्यातल्या विधानाशी जुळत नाही तिथे लेखकांना तसे लिहून कळवावे. पुढच्या आवृत्तीत त्या पत्रांचा उपयोग करण्याचे त्यांनी मान्य केले आहे.

डमडम, कोलकाता